मोदक, रक्ती आणि एकच वचन

गणपती बसले की आमच्या मंडळीत दरवर्षी तोच वाद निघतो. शेजारच्या वहिनी ताटलीत मोदक घेऊन दारात येतात. आता त्या मोदकांचं करायचं काय? नगरमधल्या ख्रिस्ती घरांत या प्रश्नाची चार-पाच तरी उत्तरं आहेत. काही जण हसून घेतात, झाकून ठेवतात आणि संध्याकाळी कामवालीच्या डब्यात घालतात. काही जण दारातच हात जोडून "आम्हाला चालत नाही हो" म्हणत मोकळे होतात. आमची आई ताटली घ्यायची, उभ्या उभ्या एक मोदक तोंडात टाकायची आणि "सारण छान जमलंय, गूळ कुठला आणलात?" म्हणून विचारायची. नाताळात त्याच ताटलीतून आमच्या करंज्या-चकल्या त्यांच्याकडे जायच्या. त्या तळण्याआधी आम्ही कुणाची प्रार्थना केली होती, हे त्यांच्या घरात कधी कुणी विचारलं नाही.

माझे मोठे दीर मात्र या बाबतीत कडक. माझं सासर नेवासे तालुक्यातलं, मिशनच्या काळापासून ख्रिस्ती झालेलं. भाऊजींचं बायबल काळ्या कातडी वेष्टणाचं, समासात पेन्सिलच्या खुणा, आणि प्रेषितांची कृत्ये अध्याय 15 वचन 29 त्यांना तोंडपाठ. मोदकाचा विषय निघाला की ते वचन निघणार. प्रसंग यरुशलेमातल्या सभेचा. यहुदी नसलेल्या नव्या विश्वासणाऱ्यांनी सुंता करायची का, मोशेचं सगळं नियमशास्त्र पाळायचं का, यावर पेत्र, पौल, बर्णबा, याकोब असे सगळे मोठे लोक बसले, बराच वाद झाला आणि शेवटी पत्र गेलं: तुमच्यावर जास्त ओझं नको, एवढंच टाळा. मूर्तींना वाहिलेलं अन्न, रक्त, गुदमरून मेलेल्या जनावराचं मांस आणि जारकर्म. भाऊजी पहिल्या कलमावर बोट ठेवतात. मूर्तीला वाहिलेलं. विषय संपला.

आता दुसरं कलम बघा. उपकारस्तुतीच्या सणाला गावी बोकड पडतं. कापताना रक्त पातेल्यात धरायचं, थोडं मीठ टाकायचं, की ते थिजतं. मग वड्या पाडून उकळत्या पाण्यात सोडायच्या, निथळून घ्यायच्या आणि कांदा, ठेचलेला लसूण, हिरवी मिरची, वरून भरपूर कोथिंबीर घालून लोखंडी तव्यावर परतायच्या. रक्ती. मटण शिजायला वेळ लागतो, तोवर पहिली भाकरी रक्तीबरोबर सुटते आणि पहिली वाटी मान म्हणून भाऊजींकडे जाते. मी एकदा वाटी त्यांच्या पुढ्यात ठेवताना म्हटलं, "भाऊजी, त्या चारांतलं हे दुसरं बरं का." त्यांनी घास थांबवला नाही. म्हणाले, "ते यहुद्यांसाठी होतं."

ते पत्र मुळी गेलंच होतं यहुदी नसलेल्यांना. उलट ज्यांना यहुदी नियम लागू नाहीत त्यांच्यासाठीच ही चार कलमं उरवली होती. शिवाय रक्ताची मनाई मोशेच्याही आधीची, उत्पत्तीच्या नवव्या अध्यायात नोहाला तारवातून उतरल्यावर सांगितलेली. म्हणजे "मोशेचं नियमशास्त्र संपलं" हा दरवाजाही इथे उघडत नाही. मूर्तीच्या नैवेद्याबद्दल मात्र पौलाने करिंथकरांना सविस्तर लिहिलंय की मूर्ती म्हणजे काहीच नाही, प्रश्न आहे तो दुबळ्या विवेकाच्या भावाला अडखळण होऊ नये इतकाच. म्हणजे नव्या करारात ज्या कलमाला पुढे सवलत मिळाली ते आम्ही घट्ट धरलंय, आणि ज्याला कुणीच सवलत दिली नाही ते भाकरीबरोबर खातो. (जाता जाता: गावातला मटणवाला मुसलमान आहे. त्याच्या पद्धतीने कापलेल्या जनावराचं बहुतेक रक्त निथळून जातं, म्हणजे लेवीय या जुन्या करारातल्या नियमांच्या पुस्तकाला तो आमच्यापेक्षा जवळचा.)

याचं कारण बायबलमध्ये शोधून सापडणार नाही. रक्ती आमच्या आजीची आहे. ज्या घरांत जनावराचं काहीही वाया घालवणं परवडत नव्हतं त्या घरांतून आम्ही आलोय, आणि ती चव मंडळीत येताना आमच्याबरोबर आली. मोदक शेजारच्यांचा. आपण त्यांच्याहून वेगळे झालो हे दाखवायला आजोबांच्या पिढीला काहीतरी रेघ हवी होती, ती प्रसादावर पडली. रेघ आधी पडली, वचन मागून सापडलं.

हे लिहायचं कारण म्हणजे मध्यंतरी शाळेतल्या एका जुन्या सहकारी बाईंनी मला सरळच विचारलं, "तुम्ही लोक बायबलमधलं सोयीचं तेवढंच घेता ना?" विचारण्यात खोच होती. मी म्हटलं, हो, घेतो. त्यांना वाटलं मी वाद घालीन.

आमच्याकडे यावर एक ठरलेलं उत्तर आहे, तेही सांगते. नियमशास्त्राचे तीन भाग करायचे: नैतिक, विधींचे आणि राज्यकारभाराचे. विधी आणि कारभार ख्रिस्ताबरोबर संपले, नैतिक तेवढं उरलं. तेराव्या शतकात थॉमस अक्वायनसने ही मांडणी केली, सतराव्या शतकात वेस्टमिन्स्टरच्या विश्वासपत्रात ती आली, आणि तिथून मिशनऱ्यांच्या हाताने आमच्या शब्बाथ शाळेत. मांडणी वाईट नाही. फक्त बायबलमध्ये कुठल्या वचनापुढे कुठला शिक्का, हे लिहिलेलं नाही. लेवीय 19 घ्या. वचन 18: शेजाऱ्यावर स्वतःसारखी प्रीती कर. लगेच वचन 19: दोन जातींच्या धाग्यांचं कापड अंगावर घालू नको. वचन 27: दाढीच्या कडा छाटू नको. वचन 34: परदेशी माणसावर स्वतःसारखी प्रीती कर. लिहिणाऱ्याने श्वासही घेतलेला नाही. अठरावं वचन भिंतीवर रंगवायचं आणि सत्ताविसावं न्हाव्याकडे जाताना विसरायचं, हे आपण ठरवलंय. ठरवलं ते चुकलं असं मी म्हणत नाही. पण ठरवलं आपणच.

आणि ज्या वचनात पैसे आहेत तिथे तर विचारूच नका. वर्षाचा शेवट जवळ आला की दशांशाची, म्हणजे मिळकतीचा दहावा हिस्सा चर्चला देण्याची, पाकिटं वाटली जातात आणि मलाखी 3:10 वाचलं जातं. सगळा दशांश भांडारात आणा, मग मी आकाशकपाटं उघडून आशीर्वाद ओततो की नाही ते बघा. मी आयुष्यभर हे वचन ऐकत आले, पण त्याच्या पाच वचनं आधीचं पाचवं वचन व्यासपीठावरून ऐकल्याचं मला आठवत नाही. त्यात परमेश्वर सांगतो की मी न्याय करायला येतोय, आणि कुणाकुणाविरुद्ध? मजुराची मजुरी बुडवणारे, विधवेला आणि अनाथाला छळणारे, परक्याचा हक्क हिरावणारे. ज्या वर्षी मी हे बघितलं त्या वर्षी आमच्या चर्चच्या वॉचमनचा पगार थकलेला होता. कमिटीच्या बैठकीत त्याचा विषय "इतर" मध्ये होता, आणि तिथपर्यंत पोचेस्तोवर चहा आला. लेवीय 19:13 तर सांगतं की रोजंदाराची मजुरी रात्रभरसुद्धा स्वतःजवळ ठेवायची नाही.

दशांशाचं आणखी एक गंमतीचं. जुन्या करारातल्या अनुवाद नावाच्या पुस्तकाचा 14 वा अध्याय काढून बघा. तिथे सांगितलंय की पिकाचा दशांश घेऊन परमेश्वराने निवडलेल्या ठिकाणी जा आणि तिथे बसून सहकुटुंब खा. ठिकाण लांब असेल तर माल विकून पैसे घेऊन जा आणि जिवाला वाटेल ते विकत घे: बैल, मेंढरं, द्राक्षारस, मद्य. खा आणि आनंद कर, फक्त तुझ्या गावच्या लेव्याला, म्हणजे देवाच्या सेवेला वाहिलेल्या लेवी वंशातल्या माणसाला, विसरू नको. आणि दर तिसऱ्या वर्षीचा दशांश गावातच ठेवायचा, लेवी, परके, अनाथ आणि विधवा यांनी पोटभर खावं म्हणून. मी हे आमच्या पाळकसाहेबांना दाखवलं. भले माणूस आहेत, रागावले नाहीत. वाचलं, चष्मा काढला आणि म्हणाले, "बाई, हे वाचून दाखवलं तर पाकिटं कोण भरणार? आणि मद्याचं ऐकून तरुण संघ काय म्हणेल?" दोघांनाही हसू आलं. मग ते गंभीरपणे म्हणाले की चर्चचं वीजबिल येतं, छत गळतं, आणि हे सगळं त्या पाकिटांवर चालतं. तेही खरंच आहे. वॉचमनचा पगार मात्र पुढच्या आठवड्यात झाला. वचनाने झाला की मी बोलले म्हणून, देव जाणे.

इतिहासात काही लोकांनी हे काम उघड उघड केलं. 1807 साली लंडनमध्ये वेस्ट इंडीजमधल्या ब्रिटिश वसाहतींतल्या गुलामांसाठी बायबलचे निवडक भाग छापले गेले. पूर्ण बायबलात 1189 अध्याय आहेत. या पुस्तकात 232 उरले. मोशे इस्राएलांना मिसरच्या दास्यातून बाहेर काढतो ती सगळी हकिकत गायब. "दास नाही आणि स्वतंत्र नाही" म्हणणारं गलतीकरांस 3:28 गायब. "दासांनो, धन्याच्या आज्ञेत राहा" हे इफिसकरांस 6:5 मात्र जागच्या जागी. धार्मिक शिक्षणासाठी काढलेलं पुस्तक होतं हे. काढणाऱ्यांना आपण पुण्यकर्म करतोय असंच वाटत असणार. तिकडे अमेरिकेत थॉमस जेफरसनने 1820 च्या सुमाराला शुभवर्तमानांच्या छापील प्रती पात्याने कापून येशूची शिकवण तेवढी चिकटवली आणि चमत्कार टाकून दिले. त्याचं पुस्तक कबरेच्या तोंडाशी धोंड लोटली तिथे संपतं. ल्यूथरने कापलं काही नाही, पण 1522 च्या जर्मन नव्या करारात इब्री, याकोब, यहूदा आणि प्रकटीकरण ही चार पुस्तकं शेवटी ढकलली आणि याकोबाच्या पत्राला पेंढ्याचं पत्र म्हणाला. याकोब म्हणतो कृत्यांवाचून विश्वास मेलेला आहे, आणि ल्यूथरला ते अडत होतं. आम्ही प्रोटेस्टंट लोक "केवळ शास्त्र" असं अभिमानाने म्हणतो, त्या घोषणेच्या मुळाशी बसलेल्या माणसाची ही आवडनिवड.

वसईची माझी एक कॅथलिक मैत्रीण आहे, डी.एड.च्या वर्गातली. ती म्हणते, "तुमचं बरंय गं, पाळकाच्या मनात येईल ते वाचन. आमच्याकडे सगळं ठरलेलं." त्यांच्या रविवारच्या वाचनांचं तीन वर्षांचं चक्र असतं, त्यामुळे धर्मगुरूला आपली आवडती पाच वचनं फिरवत बसता येत नाही. हे मला मनापासून पटतं. पण निवड तिथेही आहे, फक्त ती रोममध्ये झालेली आहे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर त्यांच्या दैनिक प्रार्थनाग्रंथातून 58, 83 आणि 109 ही तीन स्तोत्रं शापांमुळे पूर्ण वगळली. आठवड्याच्या दिवसांच्या वाचनात निर्गमचा पहिला अध्याय येतो तो 8 ते 14 आणि मग एकदम 22. मधल्या वचनांत शिफ्रा आणि पुवा आहेत: इब्री मुलगे जन्मताच मारा असा फारोचा हुकूम झुगारणाऱ्या आणि त्याच्या तोंडावर थाप मारणाऱ्या दोन सुइणी. आख्ख्या मिसरात राजाचा हुकूम पहिल्यांदा मोडला तो या दोघींनी, आणि वाचन नेमकं त्यांच्यावरून उडी मारून जातं. मैत्रिणीला फोनवर सांगितलं तर म्हणाली, "थांब, चष्मा आणते." मग बराच वेळ पानं उलटल्याचा आवाज.

आता जरा अवघड विषय. थोरल्या पुतणीला, म्हणजे भाऊजींच्याच मुलीला, पुण्यात ऑफिसमधला मुलगा आवडला. हिंदू. घरात दुसरं करिंथ 6:14 निघालं: विश्वास न ठेवणाऱ्यांबरोबर विजोड होऊ नका. प्रार्थना झाल्या, पाळकसाहेबांना बोलावलं, आठवडाभर घरात कुणी धड जेवलं नाही. त्यातच सोलापूरकडचं एक ख्रिस्ती स्थळ आलं. मुलगा चांगला, नोकरी पक्की, घरात तीन पिढ्यांचा विश्वास. आणि फोनवर आमच्याच माणसाने पहिला प्रश्न काय विचारला? "मूळचे कोण?"

नगर जिल्ह्यातल्या ख्रिस्ती माणसाला हा प्रश्न समजावून सांगावा लागत नाही. आमच्यातले बहुतेक महार आणि मांग समाजातून आलेले. सरकारच्या 1950 च्या अनुसूचित जातींच्या आदेशात ख्रिस्ती बसत नाहीत. पुढे 1956 मध्ये शिखांना आणि 1990 मध्ये बौद्धांना त्यात घेतलं, आम्हाला नाही. म्हणजे कागदावर आम्हाला जात नाही म्हणून सवलत नाही, आणि लग्न ठरवताना जात आहे. गलतीकरांस 3:28 आमच्या जुन्या चर्चच्या भिंतीवर होतं, तैलरंगात. वेस्ट इंडीजवाल्यांनी ते छापलंच नाही. आम्ही छापून, रंगवून, त्याच्याखाली उभं राहून लग्नाचे फोटो काढतो आणि मग फोनवर मूळ विचारतो.

पुतणीने मला स्वयंपाकघरात गाठलं. "काकू, हिंदू चालत नाही विश्वास वेगळा म्हणून. मग हा ख्रिस्ती का नाही चालत?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्या रात्री आम्ही दोघींनी रूथचं पुस्तक वाचलं, चारच अध्याय आहेत. रूथ मवाबी, म्हणजे इस्राएलाबाहेरच्या परक्या लोकांतली. अनुवाद 23:3 सांगतं की मवाब्याला दहाव्या पिढीपर्यंत परमेश्वराच्या मंडळीत प्रवेश नाही. एज्राच्या पुस्तकात शेवटी परदेशी बायकांना घालवून दिलं जातं, मुलं असलेल्यांनाही. आणि ही मवाबी सून दावीद राजाची पणजी होते, मत्तयाने तिला येशूच्या वंशावळीत नाव घेऊन बसवलंय. म्हणजे बायबलचीच पुस्तकं एकमेकांशी या विषयावर भांडतात. जो कुणी "बायबल सांगतं" असं म्हणून एक वचन काढतो, तो त्या भांडणात एक बाजू घेत असतो, एवढंच.

लग्न झालं, नोंदणी पद्धतीने. भाऊजी आले, सही केली, जेवले. आता मोदक विहीणबाईंकडून येतात, केशर घातलेले. आणि भाऊजी खातात. मी काही बोलायच्या आतच त्यांनी वचन दिलं: "पहिलं करिंथ, दहा, सत्तावीस. विश्वास न ठेवणाऱ्याने जेवायला बोलावलं तर पुढ्यात येईल ते विचारपूस न करता खा." वचन बरोबर होतं. ते कालही तिथेच होतं. अठ्ठाविसावं, म्हणजे हे नैवेद्याचं आहे असं कुणी सांगितलं तर खाऊ नको, ते त्यांनी सोडून दिलं, आणि मीही आठवण करून दिली नाही.

याला ढोंग म्हणायची माझी तयारी नाही. पेत्राचं तरी काय झालं? प्रेषितांची कृत्ये 10 मध्ये त्याला चादरीत सगळी निषिद्ध जनावरं दिसली, "मारून खा" असा आवाज आला, तो नको नको म्हणाला, आणि लगेच दारात कर्नेल्य या यहुदी नसलेल्या रोमी अधिकाऱ्याची माणसं उभी. माणूस दारात आला तेव्हा पेत्राला दृष्टान्ताचा अर्थ कळला. भाऊजींच्या दारात जावई आला.

म्हणून मला "निवडून वाचता का?" हा प्रश्न थोडा पोकळ वाटतो. लूकच्या चौथ्या अध्यायात दोन जण शास्त्र उद्धृत करतात आणि दोघेही मध्येच थांबतात. पहिला सैतान. तो येशूला मंदिराच्या शिरोभागी उभा करून स्तोत्र 91 म्हणून दाखवतो: देवदूत तुला हातांवर झेलतील, पायाला ठेच लागू देणार नाहीत. अकरावं आणि बारावं वचन. तेरावं येतं तिथे सर्पाला पायाखाली तुडवण्याची गोष्ट आहे, आणि नेमका तिथे तो गप्प होतो. (2020 मध्ये हेच स्तोत्र मोबाइलवर दिवसाला किती वेळा यायचं! मरी तुझ्या घराजवळ येणार नाही. पाठवणाऱ्यांतले काही जण स्वतः गेले. त्यांच्या घरच्यांना मग कुणीतरी विश्वास कमी पडला असं सुचवलं, त्याचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही.)

दुसरा येशू. नासरेथच्या सभास्थानात त्याच्या हाती यशयाचं पुस्तक देतात. तो 61 वा अध्याय काढतो: दीनांना सुवार्ता, बंदिवानांना सुटका, आंधळ्यांना दृष्टी, परमेश्वराच्या प्रसादाचं वर्ष. मूळ वाक्य पुढे जातं, "आणि आमच्या देवाच्या सूडाचा दिवस". येशू स्वल्पविरामावर थांबतो, गुंडाळी परत देतो आणि खाली बसतो. वर 58 व्या अध्यायातली एक ओळही त्याने मध्ये घातलेली आहे. निवडही केली, जोडकामही केलं.

लोक अजून तरी खूश असतात. मग तो म्हणतो की एलीयाच्या काळात इस्राएलात विधवा पुष्कळ होत्या, पण त्याला पाठवलं सीदोनातल्या सारफथच्या विधवेकडे. आणि कुष्ठी पुष्कळ होते, पण शुद्ध झाला तो अरामी नामान. हेही शास्त्रातलंच, त्यांच्याच राजांच्या पुस्तकांतलं, रोज वाचायला उपलब्ध. पण ते ऐकल्यावर गावकरी त्याला कड्यावरून लोटायला घेऊन जातात. सैतानाने गाळलं ते स्वतःच्या अंगावर येणारं. येशूने गाळलं ते शत्रूच्या अंगावर जाणारं, आणि निवडलं ते आपल्याच गावाला झोंबणारं. मला बायबल वाचताना आता एवढंच बघायची सवय लागलीय की मी काढलेल्या वचनाचं बिल कुणाच्या नावावर फाटतंय. मलाखी 3:10 चं बिल मंडळीच्या नावावर, 3:5 चं कमिटीच्या.

जिला गाळायची सोयच नव्हती अशी एक बाई आपल्याकडे होऊन गेली. पंडिता रमाबाई. 1883 मध्ये इंग्लंडात वाँटेजला बाप्तिस्मा घेतला आणि लगेच तिथल्या सिस्टरांशी पत्रातून वाद सुरू. भारतातल्या पुरोहितांच्या जोखडातून मोठ्या कष्टाने सुटले आहे, तसलंच दुसरं जोखड आता मानेवर घ्यायची माझी इच्छा नाही, अशा अर्थाचं त्यांनी लिहिलंय. केडगावला मुक्ती मिशन उभं केलं, हिब्रू आणि ग्रीक शिकल्या आणि साध्या मराठीत आख्खं बायबल उतरवलं. 1922 मध्ये गेल्या त्या ते काम हातावेगळं करूनच. छापण्याचं कामही मुक्तीतल्या बायकांनी केलं, खिळे जुळवण्यापासून. भाषांतरकाराला आवडतं तेवढं घेऊन चालत नाही. पहिलं तीमथ्य 2:12 आलं असेल, स्त्रीने शिकवू नये, पुरुषावर अधिकार गाजवू नये, मौन धरावं, तेव्हा शेकडो बायकांना शिकवणाऱ्या, उपदेश करणाऱ्या, संस्थेचा सगळा गाडा हाकणाऱ्या रमाबाईंनी तेही उतरवलं. उतरवलं आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा शिकवायला उभ्या राहिल्या असणार.

आमच्या महिला मंडळात सध्या आम्ही काही न गाळता वाचतोय. सुरुवात माझ्या हट्टाने झाली, आता त्या माझं ऐकत नाहीत. वंशावळ्या वाचताना दोघी-तिघी डुलक्या काढतात, लेवीयच्या बुरशीच्या अध्यायात एकीने भिंतीच्या ओलीवरचा घरगुती उपाय सांगितला. एस्तेर पुढे आहे, ती सगळ्यांना हवी आहे. पण आधी शास्ते. येत्या गुरुवारी एकोणिसावा अध्याय: गिबातली ती रात्र, लेव्याची उपपत्नी, तिला बाहेर ढकलणारा तिचा नवरा, आणि मग तिचे बारा तुकडे. मी आधीच सगळ्यांना कल्पना दिली. सत्तरीच्या एक मावशी, ज्यांचं बायबल वापरून वापरून सुटं झालंय, त्यांनी हा अध्याय काढून वाचला आणि मला फोन केला. "हे आपल्याच बायबलात आहे का गं? मग आजवर कुणी वाचून का नाही दाखवलं?" दुसरीने विचारलं की हे घरी नवऱ्याला सांगितलं तर चालेल का.

म्हटलं, सांगा. आणि त्यांनाही वाचायला लावा.